मागच्या सीटवरचं वजन

मी एक जुनी मोटरसायकल आहे, मित्रांनो, आणि पुष्कळ दिवस माझी मागची सीट रिकामी नव्हती. बसणारा कुणाला दिसत नव्हता, एवढंच.

घाबरू नका. भुताखेतांच्या गप्पा मारून भाव खाणाऱ्यांतली मी नाही. पण गाडीला वजन कळतं. कोण चढलं, कोण उतरलं, कोण उगाच एका बाजूला कललं, हे मागच्या शॉकअपला बरोबर समजतं. डोळ्यांना फसवता येतं, शॉकअपला नाही. म्हणून जे मला कळलं ते जसंच्या तसं सांगते.

कारखान्यात मला मुद्दाम उंच केलं होतं. लांब शॉकअप, तारांची मोठी चाकं, दगडाला लागू नये म्हणून वर उचललेला सायलेन्सर. डांबर असेल तिथे तर मी चालावंच, पण डांबर संपल्यावरही चालत राहावं, असा माझ्या घडणीचा हेतू. बुऱ्हाणपुरात दुकानासमोर उभी असताना लोक मला पाहून हसायचे. "ही गाडी आहे का उंटीण?" असं कुणीतरी म्हणालंही होतं. लोधीपुऱ्यातल्या लीलाधरनं मात्र मला पाहिलं आणि तो तिथेच थांबला.

लीलाधरचं काम लसीचा डबा पोचवायचं. दवाखान्यातून बर्फ घातलेला डबा घ्यायचा, पट्टा खांद्याला अडकवायचा आणि डोंगरातल्या वस्त्यांवर न्यायचा. तिकडे वस्तीला फाल्या म्हणतात. असीरगढचा किल्ला मागे टाकला की आम्ही मोठा रस्ता सोडायचो. मग लाल माती, सागाची झाडं, मोरदरीचा घाट, एक नाला आणि शेवटी कुंडीफाल्या. त्या वाटेवर माझी छाती फुगायची. शहरातल्या बुटक्या गाड्या नाल्याशी येऊन माना टाकायच्या, आणि मी पाणी उडवत पलीकडे जायचे.

त्या घाटाची एक जुनी चाल आहे, रीत म्हणा. घाटाच्या वर दगडांचा एक ढीग आहे, खाली दुसरा. मागची सीट रिकामी असेल तर स्वारानं वरच्या ढिगापाशी "बसा" म्हणायचं आणि खालच्या ढिगापाशी "उतरा" म्हणायचं. बसायला कोण येतं, ते कुणी सांगत नाही. लीलाधर न चुकता दोन्ही म्हणायचा. माझ्यावर काडीचंही वजन वाढत नसे, म्हणून मी मनातल्या मनात हसायचे.

मग तो उन्हाळा आला. लीलाधरच्या अंगात ताप होता. त्याची बायको शोभा नको म्हणत असताना तो डबा घेऊन निघाला. वरच्या ढिगापाशी त्यानं "बसा" म्हटलं. अर्ध्या घाटात त्याला हँडल सावरेना. त्यानं मला वळवलं आणि कसाबसा घरी आणलं. खालचा ढीग आलाच नाही, तेव्हा "उतरा" म्हणायचं राहून गेलं. त्याला दवाखान्यात नेलं, तो परत आला नाही. घरात रडणं उठलं त्या क्षणी माझा मागचा शॉकअप कुरकुरला आणि बोटभर खाली गेला.

घाटात बोलावलेला पाहुणा उशिरा का होईना येऊन बसला, अशी माझी समजूत झाली.

त्यानंतर मी घरामागच्या पत्र्याखाली उभी राहिले. टाकीवर धूळ बसली, हँडलवर कोळ्यानं जाळं विणलं, आरशात गांधीलमाशीनं घर केलं. मागच्या सीटवर मात्र धूळ बसत नसे. शेजारच्या कोंबड्या टाकीवर चढत, पुढच्या सीटवर घाण करत, पण मागे एकीनंही कधी पाय ठेवला नाही. मागची उजवी फुटरेस्ट आपोआप खाली पडायची. शोभा ती दुमडून ठेवायची, आणि तिची पाठ वळली की ती पुन्हा टक् करून उघडायची. मला त्या आवाजाची भीती वाटायची, मित्रांनो. उभ्या गाडीला पळता येत नाही.

गिऱ्हाइकं आली. जुनी गाडी घेणारा माणूस आधी मागची सीट दाबून बघतो. हे लोक दाबायचे, मला आधीच बसलेली पाहायचे आणि निघून जायचे. शोभानं लोटू मिस्त्रीला बोलावलं. त्यानं जुना शॉकअप काढला, दुसरा चांगला बसवला आणि हात झटकले. मी क्षणभर ताठ उभी राहिले, मग पुन्हा बोटभर खाली गेले.

"अबे, हे काय होऊन राह्यलं?" लोटू डोकं खाजवत म्हणाला. "वहिनी, या गाडीत दम आहे, पण हिची कंबर काही माझ्यानं सरळ नाही होणार."

अशात एके सकाळी प्रियंका आली. कुंडीफाल्याकडच्या उपकेंद्रात तिची नर्स म्हणून नेमणूक झाली होती. तिचे वडील मोतीराम नेपानगरच्या कागद कारखान्यातून निवृत्त झालेले. आमची गाठ पडण्याआधी त्या दोघांनी बाजारात एक चकचकीत गाडी पाहिली होती म्हणे. तिला नवा रंग, नवी सीट आणि आत चेन लोंबकळलेली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

प्रियंकानं माझ्या रंगाकडे पाहिलंही नाही. तिनं इंजिनला हात लावून ते गार आहे ना याची खात्री केली, कारण विकणारे आधीच तापवून ठेवतात आणि गाडीची खोड लपवतात. तिनं चाकाच्या तारा पान्यानं वाजवून ऐकल्या. हँडल दोन्हीकडे वळवून पाहिलं. मग किक मारली. इतक्या दिवसांनी मी पहिल्या किकेला उठले, हे मी अजून सगळ्यांना सांगते.

"मागून बसलेली आहे ताई, मी खोटं नाई बोलणार," शोभा म्हणाली.

"चालेल. पण विकता का आहात?"

शोभानं पदरानं टाकी पुसली. "ज्यांची होती ते गेले. लसीचा डबा घेऊन चालले होते, तापातच. अर्ध्यातून परत आले. दवाखान्यात एकच विचारत होते, डबा पोचला का, डबा पोचला का. सगळे बोलले, तुम्ही आराम करा. मी पण तेच बोलली."

मोतीरामांचा चेहरा उतरला. "बेटा, मेलेल्या माणसाची गाडी घरात नको. दुसरी पाहू ना."

"पप्पा, तिकडे गोवर पसरलाय. जीप नाल्याच्या अलीकडेच थांबते. ते गेले तेव्हापासून त्या फाल्यात लसच नाही पोचली. मला पोचायचंय, बस."

मोतीरामांनी मग माझ्या पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! बसलेला मागे होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही निघालो. डबा तिच्या खांद्यावर. घाटाच्या वरचा ढीग आला, पण प्रियंकाला ती चाल ठाऊक नव्हती. ती काही न बोलता पुढे गेली. उन्हात सागाची पानं हलत नव्हती. पाखरांचा आवाज आम्ही जवळ आलो की बंद व्हायचा आणि पुढे गेलो की मागून सुरू व्हायचा. एकदा तिनं मागे वळून पाहिलं. एकदा मागच्या सीटवर हात फिरवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. भर उन्हात ती सीट बर्फासारखी गार होती. तिनं वेग वाढवला.

नाल्यात वाळू भुसभुशीत होती. मधोमध पुढचं चाक रुतलं आणि मी डाव्या अंगाला कोसळायला लागले. तिचा पाय जमिनीला टेकला नाही. उंटीण म्हणणारे खोटं बोलत नव्हते. आता डबा पाण्यात जाणार, मीही जाणार आणि फाल्यातली लेकरं पुन्हा वाट बघत बसणार, असं वाटलं. तेवढ्यात मागचं वजन डावीकडे सरकलं. कुणीतरी पाय टेकवला. मी सावरले, मागच्या चाकानं वाळू धरली आणि आम्ही पलीकडे निघालो.

प्रियंकानं मला थांबवलं. ती मागे चालत गेली आणि वाळूकडे बघत राहिली. माझ्या चाकाच्या खुणेशेजारी एका मोठ्या चपलेचा ठसा होता. त्यात हळूहळू पाणी भरत होतं. प्रियंकाच्या पायात बूट होते.

ती परत आली तेव्हा तिच्या ओठांचा रंग गेला होता. तरी तिनं डब्याचा पट्टा घट्ट केला आणि मला सुरू केलं. अशा पोरीला पाठीवर घ्यायला कुठल्याही गाडीला अभिमान वाटेल.

कुंडीफाल्यात आशा सेविका मंगला बायालेकरांना घेऊन झाडाखाली बसली होती. मला पाहताच ती उठली.

"ही तर लीलाधरभाऊची गाडी! अन् मागून दबलीय. मॅडम, घाटात 'बसा' बोलल्या होत्या काय?"

"मी कोणालाच काही नाही बोलले. पण कोणीतरी आहे मागे."

मंगलानं चाल समजावून सांगितली. प्रियंका माझ्यापाशी आली आणि घाबरत म्हणाली, "उतरा."

काही झालं नाही. मी बोटभर खालीच. घाटातला पाहुणा असता तर तो उतरला असता. मग हा कोण?

"पहले काम," प्रियंका म्हणाली आणि डबा उघडला. बर्फ अजून टिकून होता. एकेक लेकरू पुढे आलं, रडलं, आईच्या कुशीत शिरलं. त्या सगळ्या वेळात माझ्यावरचं वजन किंचित पुढे झुकलेलं होतं. वाकून बघणारा माणूस झुकतो, तेवढंच.

शेवटचं लेकरू गेलं आणि प्रियंका रिकाम्या डब्याकडे बघत राहिली. मला वाटतं, तिला तेव्हाच शोभाचं बोलणं आठवलं. ती तोच डबा हातात घेऊन माझ्याकडे आली. या वेळी ती घाबरली नव्हती. तिनं त्या गार सीटवर तळवा ठेवला.

"लीलाधरभाऊ," ती म्हणाली, "डबा पोचला. सगळ्या लेकरांना लस झाली. आता उतरा."

माझा शॉकअप कुरकुरला. मागचं वजन एका बाजूला सरकलं, मग दुसऱ्या पायावर गेलं, अगदी सावकाश, आणि मी बोटभर वर आले. मागची उजवी फुटरेस्ट टक् करून दुमडली. तो आवाज मंगलानंही ऐकला. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले.

माझी मला लाज वाटली, मित्रांनो. इतकी वर्षं तो मला चालवत होता, पण नेहमी पुढच्या सीटवर. मागे बसलेला तो मला ओळखताच आला नाही, आणि मी त्याला भीत राहिले.

संध्याकाळी प्रियंका मला लोधीपुऱ्यात घेऊन गेली आणि शोभालाही तेच सांगितलं, डबा पोचला. शोभानं मागच्या सीटवर हात ठेवला. ती उन्हानं तापलेली होती, कुठल्याही गाडीची तापते तशी. शोभा तिथेच उंबऱ्यावर बसली आणि पोटभर रडली.

आता मी दर आठवड्याला कुंडीफाल्याला जाते. प्रियंका माझी चेन धुते, तेल बघते, पावसात झाकून ठेवते. घाटावर ती "बसा" म्हणते, खाली "उतरा" म्हणते, आणि माझ्यावर काडीचंही वजन वाढत नाही. नाल्यातल्या वाळूत माझं मागचं चाक हल्ली जरा जास्त फिरतं.

तुम्ही कधी जुनी गाडी घेतलीत, तर इंजिन गार असताना सुरू करून बघा, तारा वाजवून बघा, आणि मागची सीट हातानं दाबून बघा. ती गार लागली तर पळू नका. गाडी कुणाची होती, त्याचं कोणतं काम राहून गेलं होतं, ते घरच्यांना विचारा. जमलं तर ते काम करा. आणि झालं की त्याला सांगा. आराम करा असं लीलाधरला सगळ्यांनी सांगितलं होतं, पण डबा पोचला असं कुणीच सांगितलं नव्हतं.