बाबांचं बोट

मी खराब व्हिडिओ सुधारून देते. 'जरा क्लिअर करून द्या' म्हणत लोक फाइल आणतात. ती दहा फोनांतून फिरलेली असते आणि दर फेरीला पिळून निघालेली असते. ते आल्या आल्या मी सांगून टाकते, आडात नाही ते पोहऱ्यात येणार नाही. लोक मान डोलावतात आणि मग विचारतात, चेहरा तरी दिसेल ना? अशा वेळी मला त्यांच्या हातात चष्म्याच्या दुकानाचा पत्ता द्यावासा वाटतो.

लिफ्ट दुरुस्त करणारा तो माणूस मात्र ऐकून घेणारा निघाला. कामाच्याच कपड्यांत आला होता. खुर्ची तेलकट होईल म्हणून आधी उभाच राहिला, मी दरडावल्यावर बसला.

व्हिडिओ त्याच्या वडिलांचा होता, दवाखान्यातला, अगदी शेवटचा. वडील शिंपी. यानं मशीनवर बसायला नकार दिला, दोघांनी एकमेकांना नको ते ऐकवलं आणि हा घर सोडून दुसऱ्या शहरात गेला. तेव्हापासून अबोला. वडील अंथरुणाला खिळल्यावर त्याच्या मोठ्या बहिणीनं एक फोन त्यांच्या कानाशी धरला आणि दुसऱ्यावर चित्रण केलं. फोनमधून याचा आवाज ऐकू येतो, "बाबा, मी येऊ का?" आणि चादरीवरचं बोट किंचित वर होतं.

बोटाचं काय एवढं, असं मी विचारलं. तेव्हा कळलं, की शिवताना वडिलांच्या तोंडात कायम टाचण्या असायच्या. बोलता यायचं नाही, म्हणून 'हो' म्हणायचं तर मान खालीच ठेवून ते एक बोट उचलायचे. सगळ्या घराला ते ठाऊक होतं. फोन ठेवून हा लगेच निघाला, पण पोचेपर्यंत वडील गेले होते.

"ताई समोरच होती, तिनं डोळ्यांनी बघितलंय," तो म्हणाला. "पण मला एकदा नीट बघायचंय."

ताईंचा तो फोन पुढे बंद पडला होता, त्यामुळे मूळ फाइल नव्हती. होती ती पिळलेलीच. अशा फाइलमध्ये जागा वाचवायला एक चित्र पूर्ण साठवतात आणि पुढे फक्त जेवढं हललं तेवढं. बाकी सगळं जुन्याच चित्रातून उचलून ठिगळासारखं लावलेलं असतं. ठरावीक वेळानं पुन्हा एक पूर्ण चित्र येतं, आणि तेव्हा सगळंच किंचित थरकतं. मला त्या थरकण्याची चीड आहे. ते काढणं हे माझं पहिलं काम.

मी ते काढलं आणि बोट हललंच नाही.

पहिल्यांदा वाटलं, आपणच जास्त घासलं. म्हणून त्यानं आणलेली फाइल एकेक चित्र करून पाहिली. बोट उचललं जातं त्याच क्षणी उशीची कडही उचलली जाते, आणि सलाइनची बाटलीही. थोड्या वेळानं पुन्हा, तिघंही एकदम. त्यानंतर पुन्हा. मुलाचा प्रश्न नेमका त्यातल्या एका थरकण्यावर पडला होता, इतकंच. वडील गाढ झोपेत असावेत, किंवा त्याही पलीकडे.

मला फार वाईट वाटलं. सांगू नये असंही वाटलं. पण त्यानं नीट बघायला दिलं होतं आणि मी नीट बघितलं होतं. त्याला बोलावून घेतलं आणि उशी दाखवली, बाटली दाखवली.

तो यंत्रांतला माणूस, त्याला दोनदा सांगावं लागलं नाही. त्यानं स्वतःच मागे-पुढे करून पाहिलं. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिला. मी पाणी आणून ठेवलं, ते तसंच राहिलं.

"म्हणजे ताईनं काही बघितलं नव्हतं," तो म्हणाला.

मी व्हिडिओ थांबवला.

"मी तिच्यापाशी रडलो होतो, पोचायला उशीर झाला म्हणून. तेव्हा ती म्हणाली, बोट उचललं त्यांनी, मी बघितलं." त्यानं पडद्यावरच्या बोटाकडे खूण केली. "बाकी सगळं साफ करा. तेवढं एक ठेवा. ती येणार आहे बघायला."

आयुष्यात पहिल्यांदा मी एक खोट जपून ठेवली. बाकीची थरथर काढली, चादरीचा रंग वर आणला, बाबांच्या गालावरचे चौकोन घालवले. आणि त्या प्रश्नापाशी बोट, उशी, बाटली जशीच्या तशी सोडली. काढण्यापेक्षा राखायलाच जास्त मेहनत पडली.

ताई आल्या. ठेंगण्या, बोलायला खणखणीत. व्हिडिओ सुरू झाल्यावर मात्र गप्प झाल्या. फोनमधून भावाचा प्रश्न आला आणि बोट किंचित वर झालं.

"दिसलं ना?" त्यांनी विचारलं.

"दिसलं," तो म्हणाला. "अगदी तू सांगितलं होतंस तसंच."

ताईंनी श्वास सोडला आणि पदरानं डोळे पुसले. सगळा वेळ त्या भावाच्याच तोंडाकडे बघत होत्या. पडद्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.