शिऱ्याचा डबा आणि शेवटचा डाव

मी स्टीलचा डबा आहे, जुना आहे, आणि माझ्या झाकणाला डाव्या बाजूने एक भलामोठा पोचा आहे. पोच्याचे आधीच सांगून टाकले, कारण लोक आधी तिकडेच बघतात आणि 'अरेरे' म्हणतात. मित्रांनो, अरेरे म्हणू नका. तो पोचा बेसबॉलच्या बॅटने आला आहे. पुण्यातल्या किती डब्यांना असे सांगता येईल?

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवते ते पुण्यातले बोहरी आळीतले दुकान. १९८१ साली कुंदाबाई बेहेरे तिथे आल्या. त्यांनी मला बोटांनी वाजवून पाहिले, झाकण चार वेळा लावून काढले, आणि दुकानदाराने टकटक यंत्राने माझ्या पोटावर ठिपक्यांची अक्षरे कोरली : 'सौ. कुंदा पद्माकर बेहेरे'. मला फार गुदगुल्या झाल्या. पण तेव्हापासून मी कुणाच्या घरी राहिलो तरी परत येतो. नाव असलेल्याला हा एक फायदा असतो.

मी त्यांच्या मुलीच्या, सरिताच्या, शाळेच्या सहलींना गेलो. शेजाऱ्यांकडे चकल्या घेऊन गेलो आणि येताना निदान मूठभर साखर घेऊन आलो, कारण त्या काळी डबा रिकामा परत करणे वाईट दिसे. माझी एकच खोड होती. गरम पदार्थ भरून लगेच झाकण लावले, की निवता निवता मी ते आत ओढून घेतो. मग पैलवान आला तरी उघडत नाही. कुंदाबाईंना हे पक्के ठाऊक होते. त्या झाकण तिरके ठेवून आधी पदार्थ निवू देत. इतक्या वर्षांत त्या एकदाही चुकल्या नाहीत.

पुढे प्लॅस्टिकचे डबे आले, रंगीबेरंगी आणि हलके, आणि मी माळ्यावर गेलो. तिथे इडलीपात्राच्या शेजारी मी सहा वर्षे काढली. इडलीपात्र फार रडके होते. मी रडलो नाही, पण मला वाईट वाटले, हे कबूल करतो.

मग २००६ सालच्या मे महिन्यात मला खाली काढून चिंचेने लख्ख घासले गेले. सरिता लग्न होऊन जर्मनीत एर्लांगेनला राहत होती. तिचा नवरा मयुरेश तिथल्या विद्यापीठात डॉक्टरेट करत होता. पद्माकरराव आणि कुंदाबाई अडीच महिन्यांसाठी त्यांच्याकडे निघाले होते. माझ्या पोटात मेतकूट भरून मला बॅगेत घातले. अशा रीतीने मी परदेशी गेलो.

त्या उन्हाळ्यात सारा जर्मनी फुटबॉलच्या विश्वचषकाने वेडा झाला होता. गाड्यांवर झेंडे, खिडक्यांत झेंडे. आणि आमची माणसे मात्र बेसबॉलच्या मागे! त्याला कारण होल्गर. होल्गर हा त्या गल्लीचा पोस्टमन. एका हिवाळ्यात त्याने मयुरेशला बर्फाचा गोळा लांबून नेमका सायकलच्या घंटीवर मारताना पाहिले आणि तिथल्या तिथे आपल्या संघात ओढले. संघाचे नाव रेग्निट्स बीबर, म्हणजे रेग्निट्स नदीतले बीव्हर. नदीकाठच्या कुरणावर मैदान, आणि प्रेक्षक मोजून तीस.

बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्यावर सगळी मदार असते. पहिले सहा डाव स्वतः होल्गर टाकी आणि संघाला पुढे नेऊन ठेवी. सातव्या आणि शेवटच्या डावात मयुरेश येई. त्याने फक्त आघाडी राखायची. तोपर्यंत दोन तास त्याला बाकावर बसून राहायचे असे. आमची माणसे यायच्या आधीचे तिन्ही सामने त्याने राखले होते. लोक टाळ्या वाजवून त्याचे नाव घेत. ते नाव त्यांना नीट उच्चारता येत नसे, पण मयुरेशला ते ऐकून फार बरे वाटे. एरवी त्याला तिथे कुणी हाक मारत नव्हते.

मग मी आलो.

पहिल्याच रविवारी कुंदाबाई मला घेऊन मैदानावर गेल्या. माझ्यात शिरा होता : जर्मनीत ग्रीस नावाने मिळणारा रवा, त्यावर साजूक तूप, बदाम, बेदाणे. बाकाच्या मागे जाळी होती आणि जाळीला एक छोटे दार होते.

"मयुरेशराव, थोडासा शिरा घ्या."

"आई, आत्ता सामना चालू आहे."

"तुमचा कुठे चालू आहे? तुम्ही बसलाच आहात."

मयुरेश जाळीकडे वळला. त्याने शिरा घेतला. 'थोडासा' संपल्यावर 'एवढासा', आणि 'एवढासा' संपल्यावर 'आता उरलाय तो कुठे परत नेऊ'. एकदा त्याने "पुरे" म्हटले, तर कुंदाबाईंचा चेहरा असा पडला की त्याने दुप्पट खाल्ले. सातव्या डावात तो उभा राहिला तेव्हा त्याचा उजवा हात चेंडूवर होता आणि डावा पोटावर. चार चेंडू बाहेर गेले की समोरच्या फलंदाजाला फुकटात पुढच्या टप्प्यावर जायला मिळते, आणि तिन्ही टप्पे भरलेले असले की त्यांना फुकटात एक धावही मिळते. त्या दिवशी ओळीने पाच जण फुकटात गेले. आम्ही हरलो.

पुढच्या रविवारी बटाटेवडे होते. आम्ही हरलो. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा शिरा होता. त्याचे काय झाले ते मी सांगत बसत नाही.

मित्रांनो, मला सगळे कळत होते. जाताना मी दीड किलो असे आणि येताना रिकामा. ते दीड किलो कुठे गेले हे माझ्याइतके कुणाला माहीत असणार? पण डब्याला तोंड असते ते भरण्यासाठी, बोलण्यासाठी नाही.

घरी येऊन मोठी चर्चा झडे. शेजारी राहणारा गुरुदत्त, मूळचा पुण्याचाच आणि सॉफ्टवेअरमधला, लॅपटॉप घेऊन येई. बोलताना तो 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी', आणि 'आल्झो', म्हणजे 'तर', असे जर्मन शब्द पेरी.

"गेनाऊ! आपली सुरुवात झकास आहे, काका. सहा डावांपर्यंत आपण लीगमध्ये एक नंबर. सगळा घोळ शेवटी होतो."

"घोळ म्हणू नये," पद्माकरराव म्हणत. जावयाला नावे ठेवणे त्यांच्या रक्तात नव्हते. "मयुरेशराव चेंडू उत्तमच टाकतात. चेंडूच ऐकत नाही."

"बाबा, चेंडू कसा ऐकेल?" सरिता म्हणे. "तो लॅबमध्ये दमतो."

"दमत नाही गं," गुरुदत्त म्हणे. "त्याची क्रिकेटची सवय जात नाहीये. कोपर बघ त्याचं."

"कोपर चांगलं आहे. वारा नदीकडून येतो," पद्माकरराव ठामपणे सांगत. वीज मंडळात तीस वर्षे काढल्यामुळे त्यांना कुठल्याही बिघाडाचे कारण बाहेरच सापडत असे.

मयुरेश बिचारा मान खाली घालून बसे. एके दिवशी तो हळूच म्हणाला, "होल्गर म्हणालाय, शेवटचा सामना हरलो तर आपण खालच्या लीगमध्ये जाणार. आणि माझ्याकडून परत तसंच झालं, तर पुढच्या वर्षी शेवटचा डाव दुसऱ्याला."

गुरुदत्तने लॅपटॉप सगळ्यांकडे वळवला. "आल्झो, हे बघा. मेच्या मध्यापर्यंत तीन सामने, तिन्ही राखले. त्यानंतर एकदम घसरण. मेच्या मध्यात असं काय बदललं?"

"उन्हाळा सुरू झाला," पद्माकरराव म्हणाले.

कुंदाबाई तेव्हा वाढत होत्या. त्यांचा चमचा मयुरेशच्या ताटावर हवेतच थांबला. मला वाटले, शिरा चिकटला असेल.

शेवटचा सामना जुलैअखेरीस होता. त्यानंतर दोनच दिवसांनी आमचे परतीचे विमान. त्या सकाळी मी मनाशी ठरवून टाकले की आज काहीही झाले तरी उघडायचे नाही. कसे ते मला ठाऊक नव्हते. पण नशीब बघा! कुंदाबाईंनी उकळता, वाफाळता शिरा माझ्यात ओतला आणि ताबडतोब झाकण दाबले. वर तळहाताने दोन धपके मारले. निघायची घाई असेल, मी समजलो. बसमध्ये खिडकीशी गार वारा लागला आणि मी झाकण असे काही आत ओढले म्हणता!

सामना सुरू झाला. होल्गरने नेहमीप्रमाणे झकास सुरुवात केली. तिसऱ्या डावात कुंदाबाईंनी मला जाळीपाशी नेले, झाकणाला हात घातला आणि म्हणाल्या, "अगंबाई, बसलं वाटतं."

मयुरेशने ओढून पाहिले. पद्माकररावांनी नाणे घालून पाहिले. गुरुदत्त म्हणाला, आतल्या हवेचा दाब कमी झालाय, गरम पाणी हवे. गरम पाणी नव्हते म्हणून त्याने गरम कॉफी ओतली. मी चिकट झालो, पण उघडलो नाही. सरिताने घराची किल्ली वाकवली. एका जर्मन आजोबांनी खिशातून चाकू काढला, माझ्याभोवती फिरवला आणि 'या, या', म्हणजे 'हो, हो', म्हणत परत मिटला. सहाव्या डावापर्यंत निम्मे प्रेक्षक मैदानाकडे पाठ करून मला बघत होते. आयुष्यात इतके लक्ष माझ्याकडे कुणी दिले नव्हते.

तेवढ्यात होल्गरची हाक आली. पाच विरुद्ध चार, आपण एकाने पुढे, शेवटचा डाव. मयुरेश उपाशी पोटी उठला.

त्याने पहिला फलंदाज बाद केला. दुसराही केला. मग तो घाबरला. ओळीने तीन जण पुढे गेले आणि तिन्ही टप्प्यांवर माणसे उभी राहिली. आता एकही चेंडू भरकटून चालणार नव्हता. पद्माकररावांनी मला छातीशी इतके घट्ट धरले होते की त्यांची धडधड माझ्या पत्र्यात वाजत होती. दोन चेंडू चांगले गेले, तीन बाहेर. एकच चेंडू उरला : चांगला गेला तर तिसरा फलंदाज बाद आणि सामना आपला, बाहेर गेला तर बरोबरी. आणि एकाएकी पद्माकरराव उभे राहून गरजले, "अरे मयुरेश, टाक की लेका! घाबरतोस काय!"

राव नाही, अहो नाही. सरिताने तोंडावर हात ठेवला. मयुरेशने वळून बघितले, तो हसला आणि त्याने चेंडू टाकला. फलंदाजाची बॅट हवेत फिरली आणि चेंडू झेलणाऱ्याच्या हातमोज्यात धप्पकन बसला.

मग जो गोंधळ झाला तो काय सांगू! होल्गर धावत आला, त्याने मला बाकावर उताणे धरले आणि बॅटने झाकणाच्या कडेवर एक ठोका दिला. झाकण उडाले. हाच तो पोचा. बीबर संघाने गार शिरा हातांनी खाल्ला. पद्माकरराव जावयापाशी जाऊन चाचरत म्हणाले, "मयुरेशराव, मघाशी तोंडातून एकेरी गेलं. माफ करा."

"बाबा, तसंच म्हणत जा," मयुरेश म्हणाला. त्याचे डोळे ओले होते.

मी फुशारलो होतो. संघ वाचला, जावई वाचला, आणि ते कुणामुळे, हे एकट्या मला माहीत! त्या संध्याकाळी सरिता मला घासत असताना मी मनातल्या मनात स्वतःचा सत्कार करत होतो. कुंदाबाई शेजारी भांडी पुसत होत्या.

"आई," सरिता म्हणाली, "आज तू शिरा न निववता कसा भरलास? तू तर कधी असं करत नाहीस."

"हं."

सरिताचे हात थांबले. "आई! मुद्दाम?"

"पंचवीस वर्षं हा डबा माझ्याकडे आहे. त्याची खोड मला माहीत नाही होय?"

"अगं, मग शिरा केलाच नसतास!"

"जावयाच्या शेवटच्या सामन्याला रिकाम्या हाताने जाऊ? आणि समोर ठेवून 'खाऊ नका' म्हणू? सासू आहे मी." त्यांनी फडके झटकले. "त्यांना नाही म्हणता येत नाही आणि मला वाढल्याशिवाय राहवत नाही. दोघांपैकी कुणीतरी थांबायला हवं होतं. ते थांबले नसते."

मित्रांनो, माझा सगळा तोरा साबणाच्या पाण्याबरोबर वाहून गेला. पण खरे सांगतो, त्या क्षणी मला त्या बाईंच्या नावाचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा कोरताना वाटला नव्हता.

निघताना त्या मला इथे एर्लांगेनलाच ठेवून गेल्या. पुढच्या वर्षीच्या पहिल्या सामन्याच्या सकाळी पुण्याहून फोन आला. मयुरेशने तो स्पीकरवर टाकला.

"मयुरेशराव, डब्यात काय नेताय?"

"काही नाही, आई. सामना झाल्यावर जेवीन." त्याने आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नाही म्हटले होते.

पलीकडे चमचा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बरं करताय," कुंदाबाई म्हणाल्या. "पण डबा न्या हो बरोबर. त्याला सवय आहे."

तेव्हापासून मी दर सामन्याला जातो, रिकामा, आणि बाकावर मयुरेशच्या शेजारी बसतो. पोच्यामुळे माझे झाकण आता घट्ट बसत नाही, ते सैल हलते. तुमच्याही घरात माळ्यावर कुणी नाव कोरलेला डबा असेल, तर त्याला खाली काढा, चिंचेने घासा आणि त्याच्या खोडी समजून घ्या. आणि ते नाव ज्यांचे आहे, त्यांना एक फोन करा. त्या 'काही खाल्लंत का?' असेच विचारतील, ते मला माहीत आहे. खाल्ले नसेल, तर खुशाल नाही म्हणून सांगा. त्यांना चालते.