मधला आवाज

"मशीन म्हातारं झालंय काकू, गाणाऱ्याचा आवाज गिळून टाकतंय," असं कुंदन सगळ्या भाऊबंदकीसमोर म्हणाला आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

गिळून टाकतंय म्हणे! ते मशीन माझ्या नवऱ्याचं. शालिग्राम रेडिओवाले म्हटलं की जुन्या जळगावात अजून माणसं मान डोलावतात. रेडिओ, टेप, अॅम्प्लिफायर सगळं एकाच पेटीत. हे त्याला रिसिव्हर म्हणायचे, बाकी घरदार मशीन म्हणायचं. मागे एक लाल आणि एक पांढरी अशा दोनच पिना लावायची सोय, पुढे दोन लाकडी बॉक्स, संपला विषय. हे गेले, दुकान गेलं, पण मेहरूणच्या या घरात दर श्रावणात कानबाई बसली की देवीची आरती त्याच मशीनवर लागते. कधी कोणाचा आवाज गिळला नाही त्याने.

आणि बोलणारा कोण? तर कुंदन. माझ्या दिराचा, रुपचंद भाऊजींचा मुलगा. कॉलेजची सगळी वर्षं माझ्याकडे राहिला, माझ्या हातच्या कळण्याच्या भाकरी खाल्ल्या. मला मूलबाळ नाही. कोणी विचारलं की मी ह्याच्याकडे बोट दाखवायची. कुठली वायर कुठे लावायची हे ह्यांनीच त्याला शेजारी बसवून शिकवलं. आता धुळ्यात त्याचा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ आहे आणि अहिराणी पिक्चरचा आवाज तो जमवून देतो.

तसल्याच एका पिक्चरमध्ये कानबाईचं गाणं होतं. गाणं माझ्या आईचं. पिंपळनेरची ताईबाई, स्वतः रचलेलं म्हणायची. कानबाई डोंगर उतरून माहेरी येते आणि दाराशी उभी राहते, एवढंच गाणं. पण 'दारशी' म्हटलं की आईचा श्वास तुटायचा. दमा होता तिला. तिथे थांबून, दम घेऊन मग ती 'उभी' म्हणायची. ऐकणाऱ्यांना वाटायचं, काय सुंदर थांबते ही बाई! मी तिच्या मांडीवर बसून शिकले, तुटक्या श्वासासकट. मला दमा नाही, पण तिथे माझाही श्वास आपोआप तुटतो.

कुंदन म्हणाला, काकू, पिक्चरसाठी तूच म्हण. मी धुळ्याला गेले. कानाला ती टोपडी लावून घसा कोरडा पडेपर्यंत गायले. तेव्हा त्याने मला समजावलं होतं, "पिक्चरचा आवाज सहा बाजूंनी येतो काकू. बाजा बाजूला, बायांचा कोरस मागे, आणि तुझा आवाज एकटा, बरोबर मधे." हे मी अख्ख्या मेहरूणला सांगितलं. खोटं कशाला बोलू, मिरवलं मी!

म्हणून यंदा कानबाईला सुरत, यावल, धुळ्याहून सगळी माणसं जमणार म्हटल्यावर मी हट्टच धरला, की पिक्चर लागायच्या आधी गाणं घरी ऐकायचं. कुंदन टाळत होता. थिएटरात ऐक, कॉम्प्युटर अवजड आहे, तार नाही, एक ना दोन. मी म्हटलं, "तुझ्या नावाची सव्वा मूठ काढलीय मी. रोट खायला येशीलच ना? मग येताना कॉम्प्युटर घेऊन ये." आमच्यात घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, त्याचे रोट होतात, म्हणजे पुरणाच्या पोळ्या, आणि ते भाऊबंदकीनेच संपवायचे असतात. त्याला नाही म्हणता येईना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला काय माहीत!

रविवारी संध्याकाळी कानबाई चौरंगावर बसली होती, दोन्हीकडे केळीचे खांब, नाकात नथ. आतून पुरणाचा वास येत होता. कुंदनने वायर स्वतः जोडली, कोणाला जवळ येऊ दिलं नाही. डफ वाजला, पावरी वाजली, बायांचा कोरस कुठून तरी लांबून आल्यासारखा आला. मी पदर सावरून बसले. आणि जिथे मी यायची, तिथे काहीच नाही. नुसता बाजा.

"वैनी, तू कोठे शे?" रुपचंद भाऊजींनी विचारलं आणि सगळे हसले. तेव्हाच कुंदन ते 'मशीन म्हातारं झालंय' म्हणाला.

"तू इथेच आहेस ना काकू, तूच म्हण वरून," तो लगेच पुढे म्हणाला. मी म्हटलं. बाजा मशीनमधला, आवाज माझा. काय सांगू, असं कधी जमलं नव्हतं. भाऊजींनी डोळे पुसले. सगळ्यात जोरात टाळ्या कुंदनने वाजवल्या. मी तेवढ्यावर खूश होते, खरंच होते. पण तो वर म्हणाला, "आता ह्या डबड्याला भंगारात देऊ, मी तुला नवीन आणतो."

डबडं? ह्यांचं मशीन डबडं?

मी उठले आणि ह्यांची आरतीची कॅसेट लावली. ह्यांचा आवाज खणखणीत आला, दोन्ही बॉक्समधून. "ऐका!" मी म्हटलं, "कोण गिळतंय आवाज?" ह्यांचं एक वाक्य होतं, आवाज आला नाही तर आधी वायर बघ, मशीनला शिव्या नंतर घाल. मी कॉम्प्युटरच्या मागे वाकले. ओळीने तीन भोकं होती. हिरवं, काळं, केशरी. वायर एकट्या हिरव्यात. हात्तिच्या! सहा बाजूंचा आवाज ह्या तिघांतून बाहेर पडत असणार आणि आपल्या मशीनला मिळतोय दोनच बाजूंचा. म्हणजे माझा आवाज उरलेल्यांत कुठेतरी अडकून बसलाय.

"काकू, हात नको लावू!" कुंदन धावत आला. "शॉक बसेल."

"रेडिओवाल्याच्या बायकोला?" मी म्हटलं. सगळे परत हसले. तो हसला नाही. "राहू दे ना गं, छान तर झालं मघाशी," असं काहीतरी म्हणत राहिला. मी म्हटलं, गाणं पहिल्यापासून लाव. त्याने लावलं नाही, भाऊजींनी लावलं.

वायर काळ्यात घातली, तर नुसता बायांचा कोरस. काढली आणि केशरीत घातली.

बाजा गेला. एका बॉक्समधून नुसती धप धप येऊ लागली. आणि दुसऱ्यातून आवाज आला, एकटा, उघडा, स्वच्छ. कोवळ्या पोरीचा. साखर घातल्यासारखा गोड.

तो माझा नव्हता.

वाटलं, दुसरंच गाणं लागलं असेल. पण शब्द आईचेच होते. मग 'दारशी' आलं आणि त्या पोरीचा श्वास तुटला. बरोबर तिथेच. थांबली, दम घेतला, मग म्हणाली, 'उभी'. ती जागा जगात दोघींनाच ठाऊक, एक मी आणि एक मेलेली माझी आई.

"कोण आहे ही?" मी विचारलं.

"नाशिकची आहे. प्रोड्युसरने आणली," कुंदन खाली बघून म्हणाला. "तुझा आवाज जड वाटला त्यांना. मी भांडलो गं काकू."

"आणि मी गायलेलं?"

"ते तिला ऐकवलं. शिकायला."

"आईचं नाव तरी टाकलंस?"

"नावांच्या पाटीवर पारंपरिक असं टाकलंय."

पारंपरिक! माझी आई पारंपरिक नव्हती. पिंपळनेरला राहायची आणि तिला दमा होता.

मग माझी नजर परत त्या हिरव्या भोकाकडे गेली. "कुंदन," मी म्हटलं, "तुझा जन्म वायरीत हात घालण्यात गेला. मधला आवाज कुठून निघतो हे तुला माहीत नव्हतं?"

त्याने घाईने गाणं बंद केलं. तेव्हा मला सगळं कळलं. चूक झालीच नव्हती. त्याने मुद्दाम एकटं हिरवं जोडलं होतं, म्हणजे मधला आवाज येणारच नाही, मला कळणारच नाही. दोष द्यायला मेलेल्या माणसाचं मशीन होतंच. ज्याने वायर धरायला शिकवलं त्याच्याच मशीनवर आळ, आणि वरून माझ्यासाठी टाळ्या! आवाज काढून टाकला ते मी एक वेळ पोटात घातलं असतं, प्रोड्युसर परके. पण हा माझा होता हो. केसाने गळा कापला माझा.

भाऊजी उठून ओरडले, "चाल, निंघ अठून!" कुंदन वायर गुंडाळू लागला.

"बस," मी म्हटलं. "तुना नावना रोट शे. तो खाईसन जा."

तो बसला. मी वाढलं. पोळी, गंगाफळाची भाजी, खीर. तूप वाढताना धार ताटाबाहेर सांडत होती. त्याच्या नावाची मूठ मीच काढली होती, अंघोळ करून, ओल्या केसांनी. परत थोडीच घालता येते डब्यात? आपलेच दात, आपलेच ओठ. तो मान खाली घालून जेवला आणि गेला. त्या रात्री बायांनी खूप आग्रह केला, पण मी गायले नाही.

दिवाळीनंतर पिक्चर लागला. मी बघितला नाही. गाणं मात्र चाललं, रिक्षात, मंडपात, ज्याच्या त्याच्या मोबाइलवर. पुढे यावलला एका लग्नात कानबाई बसवली होती, तिथल्या बायांनी मला ओढूनच पुढे बसवलं. मी डोळे मिटून आईचं गाणं म्हटलं. 'दारशी'ला श्वास तुटला, जसा तुटतो तसा.

संपल्यावर नवरीची मैत्रीण पळत आली. "आजी, डिट्टो पिक्चरसारखं म्हटलं तुम्ही! तो श्वाससुद्धा बरोबर तिथेच घेतला! किती वेळा ऐकलं असेल ना?"

आईचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. पण ती पोर इतकी खरी खुशीत होती, की रागावू तरी कोणावर?

"लहानपणापासून ऐकते गं," मी म्हटलं.

ती खळखळून हसली. तिला वाटलं, आजी थट्टा करतेय.