सहदेवभाऊंची वरची कवळी

मलकापूरच्या बसस्टँडवर एकवीस वर्षं गाड्या पुकारून सहदेवभाऊ रिटायर झाले, आवाज मात्र रिटायर झाला नाही. लग्न असो की निरोप समारंभ, माईक त्यांच्याच हातात. वरचे दात सगळे गेले होते, पण कवळी अशी घट्ट बसलेली की एकही अक्षर सांडत नसे.

त्यांचा मुलगा अश्वजित मुंबईला नोकरीला. त्याची बदली गुवाहाटीला झाली, तेव्हा तो काचेची एक पेटी, मिठाच्या पिशव्या आणि एक नारंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा मासा घेऊन रेल्वेनं घरी आला. मासा समुद्राचा, नळाच्या पाण्यात जगणारा नव्हे. पाण्यातलं मीठ मोजायचा काटा अश्वजितनं आईला, म्हणजे बेबीताईंना, दाखवला. पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं, म्हणून वरून रोज फक्त फिल्टरचं गोडं पाणी टाकायचं, हे तीनदा बजावलं आणि तो गेला. बेबीताईंचं सारं आयुष्य अंगणवाडीत लेकरांची वजनं घेण्यात गेलेलं. त्यांना हे जड वाटलं नाही.

अडचण वेगळीच होती. हा मासा समुद्रात फुलासारख्या दिसणाऱ्या एका जिवाच्या कुशीत राहतो. सोबत आणलेलं ते समुद्रफूल प्रवासातच मेलं. मासा पंपाच्या मागं अंग चोरून पडून राही, कल्ले भराभर हलत. नऊ दिवस त्यानं दाण्याला तोंड लावलं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी सहदेवभाऊ पेटीवर वाकून दाणे टाकत होते. आत बेबीताईंनी मिरच्या तव्यावर टाकल्या. ठसका लागला, सहदेवभाऊ सणकून शिंकले आणि वरची कवळी पाण्यात.

ती उलटी होऊन वाळूवर टेकली. मासा पंपामागून बाहेर आला. त्यानं तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, टाळूच्या खोलगट जागेत शिरला, अंग घासलं, थरथरला आणि तिथंच बसला. सहदेवभाऊंनी हात घातला तर बोटाला चावला. दुपारी त्यानं सहा दाणे खाल्ले.

अश्वजितनं व्हिडिओ कॉलवर पाहिलं.

"बाबा, त्या कवळीले तार त नाई ना? धातू पाण्यात उतरला त मासा मरते."

तार नव्हती. सगळं प्लास्टिक.

"मंग काढू नोका. त्याले घर भेटलं."

"अन् मी कसा जेवू?"

"त्यानं नऊ दिवस खाल्लं नवतं, बाबा."

पुढचा आठवडा सहदेवभाऊंनी वरणात पोळी कुस्करून काढला.

पण रविवारी इंद्रभान ड्रायव्हरचा निरोप समारंभ होता. दोघांची नोकरी एकाच स्टँडवर गेलेली, आणि मानपत्र सहदेवभाऊंनीच वाचावं असा इंद्रभानचा हट्ट. सकाळी सहदेवभाऊंनी पुऱ्या तळायच्या झाऱ्यानं कवळी बाहेर काढली, चारदा धुतली, तोंडात बसवली आणि निघाले. मागं बेबीताईंनी तिच्या जागी स्टीलची वाटी ठेवून पाहिली. मासा वाटीकडं फिरकला नाही.

हॉल भरलेला होता. तोंडात खारट चव असली तरी आवाज खणखणीत लागला. पहिलं पान संपत आलं तेव्हा मधल्या वाटेनं बेबीताई येताना दिसल्या. हातात झाकणाचा डबा, त्यात पेटीतलंच पाणी. त्या सरळ स्टेजवर चढल्या आणि हळूच म्हणाल्या, "आडवा पडला हाये. कल्ले हलून राह्यले, पन लय हळू."

सहदेवभाऊंनी समोरच्या लोकांकडं पाहिलं, इंद्रभानकडं पाहिलं. मग तोंडाला रुमाल लावून कवळी काढली आणि डब्यात सोडली. बेबीताई झाकण लावून रिक्षात जाऊन बसल्या.

उरलेलं दीड पान सहदेवभाऊंनी तसंच वाचलं. एक शब्द कुणाला कळला नाही. पण त्यांना गहिवरून आलं असं लोकांनी धरलं, आणि पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसू लागल्या. इंद्रभान तर उठून गळ्यातच पडला. खरी गोष्ट सांगावी असं सहदेवभाऊंना फार वाटलं, पण तीही कुणाला कळली नसती.

घरी आले तर मासा टाळूत सरळ उभा होता. चार दाणे खाऊन झाले होते.

दुसऱ्या दिवशी ते दातांच्या डॉक्टर अनुपमा यांच्याकडं गेले. जुनी कवळी कुठं आहे, असं डॉक्टरांनी विचारलं.

"वापरात हाये," सहदेवभाऊ कसेबसे म्हणाले.

"कोण वापरतं?"

"मासा."

डॉक्टरांनी ते कार्डावर लिहून घेतलं. एकाची कवळी दुसऱ्यानं वापरू नये, त्यानं जंतू लागतात, असं त्यांनी समजावलं.

"कोनाले? मले का त्याले?"

डॉक्टरांनी कार्ड पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, जुन्या कवळीवरून माप घेतलं तर नवी हुबेहूब बसेल. पण आणायची कशी? शेवटी डॉक्टरच घरी आल्या. पेटीशेजारी खुर्चीत सहदेवभाऊ तोंड उघडून बसले. डॉक्टर एकदा त्यांच्या तोंडात बॅटरी मारत, एकदा काचेतून कवळीवर. मासा प्रत्येक वेळी उजेडावर धावून येई. तासाभरानं डॉक्टरांनी घाम पुसला आणि सांगितलं की कवळीतली डाव्या बाजूची दाढ बरीच झिजली आहे, आणि मासा तब्येतीनं उत्तम आहे.

नवी कवळी बाराव्या दिवशी आली. सुरुवातीला हिरड्यांना टोचली, मग बसली. सहदेवभाऊ पुन्हा भाकर खाऊ लागले, माईक धरू लागले. घरी कुणी आलं की ते सांगत, मले हा मासा बिलकूल आवडत नाई.

मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेला आणि पेटीचं पाणी तापू लागलं. मासा वर येऊन धापा टाकायला लागला. घरात कूलर एकच. सहदेवभाऊंनी तो पलंगापासून ओढत नेला, त्याचं तोंड पेटीकडं केलं आणि ओला पंचा अंगावर घेऊन बाजूला खाली बसले. बेबीताई म्हणाल्या, जरा सरका, मलेही बसू द्या.

ते सरकले.