कॅनवरचं नाव

माझ्या नावामागं 'डॉ.' लागलं तेव्हा आमच्या संस्थेनं हायवेवर फ्लेक्स लावला होता. वर माझा फोटो, खाली 'पाण्याचे डॉक्टर, प्रा. वैजनाथ सर'. पुढचे दोन आठवडे जळकोटची माणसं मला मुतखड्यावर औषध विचारत होती. मी कुणालाच नाही म्हटलं नाही. भरपूर पाणी प्या, असं गंभीर चेहऱ्यानं सांगत राहिलो.

माझा प्रबंध जळकोट परिसरातल्या बोअरच्या पाण्यावर आहे. दोनशे चौदा पानं आणि निष्कर्ष एकच: हे पाणी मृदू, म्हणजे कमी क्षारांचं आहे. त्याच्या तीन प्रती आहेत. एक विद्यापीठात, एक आमच्या ग्रंथालयात आणि एक प्रयोगशाळेच्या खिडकीला टेकू म्हणून. तिन्हींत कामाला आली ती शेवटचीच.

पुण्याची एक संशोधन संस्था दर उन्हाळ्यात बीएस्सीच्या काही मुलांना दोन महिने बोलावते. राहणं-खाणं फुकट आणि खऱ्या शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम. स्वतः केलेल्या एका छोट्या प्रयोगाचा अहवाल पाठवायचा आणि त्यावर मार्गदर्शकाची सही हवी. आमच्या कॉलेजातून तिथं आजवर कुणी गेलं नव्हतं, कारण त्याचं पत्रक मी दरवर्षी मुदत संपल्यावर बोर्डावर लावायचो. यंदा शिवकन्यानं ते आधीच मोबाइलवर पाहिलं आणि मी अडकलो.

शिवकन्या जळकोटची, शेवटच्या वर्षाला. वडील मेंढरं घेऊन फिरतीवर असतात, शेत आई बघते. पुण्याला निवड झाली तर घरचे तिला एमएस्सीला पाठवणार होते. नाहीतर जूनपासून मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचं ठरलेलं होतं. शनिवार शेवटचा दिवस होता आणि बुधवारी तिनं अहवाल माझ्या टेबलावर ठेवला. विषय माझाच, जळकोटच्या बोअरचं पाणी. निष्कर्ष मात्र उलटा: पाणी अत्यंत कठीण.

मला राग आला. मला राग यायला तसं फार लागत नाही, पण या वेळी कारण दोनशे चौदा पानांचं होतं.

"तुझा कुठंतरी घोळ झालाय. पुन्हा कर."

"तीनदा केलं, सर."

"मग ही शेवटची ओळ काढून टाक. सही देतो."

"पर सर, आमच्याकडं त्या पाण्यात डाळच शिजत न्हाय. आई वरणासाठी आडाचं पाणी येगळं भरती. तिला काय सांगू?"

माझ्याही घरी वरण कच्चं राहायचं. मी दर वेळी बायकोला कुकरची रिंग बदलायला लावायचो. तीन रिंगा झाल्या होत्या.

दुपारच्या सुट्टीत, पोरीला खोटं पाडायचंच या इराद्यानं, मी प्रयोगशाळेत गेलो. प्रयोग सोपा आहे. पाण्यात निर्देशकाचे दोन थेंब टाकायचे. पाणी कठीण असलं तर लाल होतं, शुद्ध असलं तर निळं. कोपऱ्यातल्या मोठ्या कॅनवर माझ्याच अक्षरात 'डिस्टिल्ड वॉटर' लिहिलेलं होतं. आधी त्यातलं पाणी घेतलं आणि थेंब टाकले.

लाल झालं. दुसरं भांडं घेतलं, तेही लाल.

शिवकन्याच्या कप्प्यात बॅटरीत घालायच्या पाण्याची बाटली होती. त्यातलं घेतलं, तर निळंशार.

मी कल्याणप्पाला हाक मारली. कल्याणप्पा आमचे प्रयोगशाळा परिचर, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी जुने.

"कल्याणप्पा, हे पाणी कुठलं?"

"बोअरचं की."

"आणि ते डिस्टिलेशनचं मशीन?"

"ते तुमी यायच्या आधीच जळालंय, सर. म्या रोज ताजं भरतो. फडक्यानं गाळून, लई स्वच्छ."

"अहो, कॅनवर डिस्टिल्ड लिहिलंय!"

"ते कॅनवर लिहिलंय, सर. पाण्यावर न्हाय."

मी स्टुलावर बसलो. शुद्ध पाण्याचा आकडा नमुन्याच्या आकड्यातून वजा करायचा असतो. मी पाच वर्षं बोअरच्या पाण्यातून बोअरचं पाणी वजा करत आलो होतो आणि उरेल त्याला मृदू म्हणत होतो. शुद्ध पाण्याचा आकडा एवढा मोठा कसा, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मला लाज वाटली, खूप लाज वाटली. दैवशालाबाईंना, म्हणजे शिवकन्याच्या आईला, जे घागरीवरून कळत होतं ते मला पीएचडी करूनही कळलं नव्हतं.

वर्गातून शिवकन्याला बोलावलं. "बॅटरीचं पाणी का घेतलंस?"

"त्या दिशी कॅन रिकामा हुता, सर. हायवेच्या गॅरेजातून आणलं."

कॅन भरलेला असता तर तिचाही निष्कर्ष मृदूच आला असता. मी आनंदानं सही केली असती आणि आम्ही दोघंही शास्त्रज्ञ झालो असतो.

सही न करणं सोपं होतं. शनिवार आपोआप उलटून गेला असता आणि खिडकीचा टेकूही शाबूत राहिला असता. गुरुवारभर मी तोच विचार केला, हे कबूल करतो. शुक्रवारी तिच्या अर्जाचा फॉर्म समोर ओढला. त्यात एक रकाना होता: 'या विषयावरील पूर्वीचे काम'. मी लिहिलं, 'पूर्वीचे काम माझे आहे. ते चुकले आहे. विद्यार्थिनीचे बरोबर आहे.' आणि खाली सही केली.

पंधरा दिवसांनी तिची मोबाइलवर, स्पीकर लावून मुलाखत झाली. मी दाराबाहेर उभा राहून चोरून ऐकत होतो.

"तुमच्या सरांची चूक तुम्ही कशी शोधली?" पलीकडून विचारलं.

"मी नाही शोधली," शिवकन्या जपून जपून पुस्तकी बोलत होती. "माझं फक्त उत्तर वेगळं आलं होतं. तपासलं सरांनीच."

माझे डोळे भरून आले. पोरगी माझ्या आयुष्यातल्या एकमेव खऱ्या प्रयोगाबद्दल बोलत होती.

तिची निवड झाली. ती पुण्याला गेली त्या दिवशी कल्याणप्पा ओलं फडकं घेऊन प्रयोगशाळेत उभे होते.

"सर, कॅनवरचं नाव पुसू का?"

"पुसा. आणि 'बोअर' लिहा."

त्यांनी ते घासून पुसलं. मग फडकं पिळता पिळता त्यांची नजर माझ्या केबिनच्या दाराकडं गेली. पाटीवर 'डॉ. वैजनाथ' असं होतं. त्यांनी काही विचारलं नाही, आणि मीही त्यांच्या हातातलं फडकं मागितलं नाही.