रविवारपुरती ऊब

मित्रांनो, मी एक जुनी शेकायची पिशवी आहे. रबराची, विटकरी रंगाची, तोंडाला काळं बूच असलेली. हसू नका! तुमच्याही घरी कुठल्यातरी कपाटात माझी एखादी बहीण चपटी होऊन पडली असेल, आणि आजीचा गुडघा दुखला की सगळ्यांना तिची आठवण येत असेल. मी आता आयर्लंडमध्ये, नास नावाच्या गावात राहते. दुपारचे दोन वाजले की मला कुणीतरी दोन्ही हातांनी उचलतंय असं वाटतं. बोटं नळाच्या पाण्यासारखी गार असतात. मी दचकते, बघते, तर कुणीच नसतं. ते हात कुणाचे, हे मला पक्कं माहीत आहे. तेच सांगते.

कारखान्यात रबर गरम साच्यात दाबून मला घडवलं. मग पाणी भरलं, उलटं टांगलं, वरून दाब दिला. मी एक थेंब गळले नाही. आजही गळत नाही, लिहून ठेवा. तिथून मी नागपूरला सीताबर्डीच्या एका औषधांच्या दुकानात आले आणि तिथून अलकनंदाबाईंच्या घरी. ही बाई टपाल ऑफिसात नोकरीला होती. तीस वर्षं तिने खिडकीमागे बसून म्हाताऱ्याकोताऱ्यांचे फॉर्म भरून दिले. घरी आली की पाय माझ्यावर ठेवायची आणि म्हणायची, "बाप्पा, जीव आला!" तिच्या मुलाचं, देवदत्तचं, पोट दुखलं की मीच. यजमानांची कंबर धरली की मीच. तेव्हा माझा थाट विचारू नका.

देवदत्त पुढे इंजिनियर झाला आणि बायको अश्लेषाबरोबर नासला राहायला गेला. यजमान गेल्यावर एका ऑक्टोबरात अलकनंदाबाई त्याच्याकडे तीन महिन्यांसाठी निघाली. पापड आणि मेतकुटाच्या मधे तिने मला कोंबलं. "तिकडे मिळते नाही मिळते, कोण जाणे!" आता काय सांगू? या देशात माझ्यासारख्या पिशव्या प्रत्येक दुकानात टांगलेल्या असतात. देवदत्त पोट धरून हसला. मला फार राग आला होता त्याचा.

शेजारच्या बैठ्या घरात फिलोमिना डेम्प्सी नावाची बाई एकटी राहायची. वय त्र्याऐंशी. नवरा किट सहा वर्षांपूर्वी गेलेला. या भागात घोड्यांच्या शर्यती फार. तरुणपणी ती जॉकींचे रंगीत रेशमी सदरे शिवायची. अलकनंदाबाई आल्यानंतर चौथ्या दिवशी शिऱ्याचा डबा घेऊन सरळ तिच्या दारात जाऊन उभी राहिली. आपल्याकडे जातात तशी, न सांगता. परत आली ती विचारात पडूनच.

"ती बाई घरात ओव्हरकोट आणि टोपी घालून होती बाबू. अन् हात इतके गार! मले म्हणाली, आत्ता बाहेरच निघाली होती."

"निघाल्या असतील गं," देवदत्त म्हणाला. "आणि आई, इथे असं न सांगता कुणाकडे जात नाहीत. लोकांना आवडत नाही. आधी मेसेज करायचा."

"शेजारी जायले मेसेज?"

"हो. इथली पद्धत आहे."

पद्धत म्हटल्यावर ती गप्प बसली. परक्या गावात मुलाला खाली बघायला लागू नये, एवढंच तिच्या मनात होतं. रविवारी देवदत्तने मेसेज केला आणि चार वाजता तिघं फिलोमिनाबाईंकडे गेले. अलकनंदाबाईच्या हातात मी होते. त्या गार हातांसाठी तिने मला भेट म्हणून नेलं होतं. फिलोमिनाबाईंची स्वतःची पिशवी जुनी होऊन चिरली होती, त्यामुळे मला बघून त्यांना खरंच आनंद झाला.

घर छान गरम होतं. चहा होता, बिस्किटं होती, फिलोमिनाबाईंनी जांभळा स्वेटर घातला होता, टोपी नव्हती. आपल्या माणसांनी सवयीने दारातच बूट काढले होते. अलकनंदाबाई स्वयंपाकघरात आली आणि मधेच थांबली. पायमोज्यांतून तिला फरशी झोंबली.

"घर तापलं आहे, मग फरशी काहून इतकी गार?" तिने हळूच विचारलं.

"जुनी घरं अशीच असतात, आई," देवदत्त म्हणाला. झालं! एवढ्यावर तो विषय संपला. तिच्या पायांनी खरं ओळखलं होतं, आणि डोक्याने मुलाचं ऐकलं.

ते गेले. दार लागलं. फिलोमिनाबाई खिडकीतून त्यांना हात करत राहिल्या. मग वळल्या, भिंतीवरचं बटण दाबलं, टक् असा आवाज झाला आणि घर तापवणारं यंत्र बंद पडलं. त्यांनी स्वेटरवर ओव्हरकोट घातला. टोपी घातली. मला कळेना, या आता संध्याकाळी निघाल्या कुठे? त्या कुठेही निघाल्या नव्हत्या. खुर्चीत बसल्या.

मित्रांनो, मग मला सगळं समजलं. मागच्या अंगणातल्या टाकीत घर तापवायचं तेल असायचं. ते महाग झालं होतं आणि पेन्शन होती तेवढीच होती. म्हणून तेल राखलेलं असायचं ते रविवारसाठी, कारण आता दर रविवारी चारला हे तिघं यायचे. साडेतीनला यंत्र सुरू, पाच वाजता बंद. अर्ध्या तासात हवा तापते, फरशी नाही तापत. बाकी सहा दिवस त्या स्वयंपाकघरात एका खुर्चीत राहायच्या आणि त्यांच्याजवळ असायचे मी. दुपारी दोनला किटली एकदा उकळायची. आधी मांडीवर, मग पायाशी, मग पुन्हा पोटाशी. कोमट झाल्यावर माझ्यातलं पाणी फुकट जायचं नाही, त्यातच तोंड धुणं व्हायचं. माझ्यासाठी त्यांनी जॉकीच्या सदऱ्याच्या उरलेल्या कापडाचा अभ्रा शिवला, पिवळ्यावर जांभळे ठिपके. इतका देखणा अभ्रा नागपुरात मला कुणी घातला नव्हता. पण रविवारी साडेतीन वाजले की मला हॉट प्रेसमध्ये ढकलायच्या. इकडे कपाटाला प्रेस म्हणतात आणि कपडे वाळवायच्या गरम कपाटाला हॉट प्रेस. कसलं हॉट नि कसलं काय! आतल्या पाण्याच्या टाकीचं बटणही त्यांनी महिनोन् महिने दाबलं नव्हतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय. मला त्यांचा राग यायचा. बाई गं, सांग ना त्यांना! शेजारी बसलेत, परके नाहीत. पण रबराला तोंड असलं तरी त्याला बूच असतं.

नोव्हेंबरच्या एका रविवारी देवदत्त एक फॉर्म घेऊन आला. हिवाळ्यात घर तापवायला सरकार जो भत्ता देतं, त्याचा. ऑफिसात कुणीतरी त्याला सांगितलं होतं. मी हॉट प्रेसच्या फटीतून ऐकत होते.

"अरे नाही, मी ग्रँड आहे," फिलोमिनाबाई म्हणाल्या. बरं चाललंय, असं सांगायचं असलं की इथे ग्रँड म्हणतात. "माझ्यापेक्षा गरजू लोक पुष्कळ आहेत. त्यांना द्या."

"मी बसून भरून देते," अलकनंदाबाई मराठीतच म्हणाली. "दहा मिनिटांचं काम आहे."

"आई, त्या नको म्हणाल्या ना? हा त्यांचा खासगी प्रश्न आहे."

तीस वर्षं फॉर्म भरून दिलेली ती बाई पुन्हा गप्प बसली. कागद टेबलावर राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी फिलोमिनाबाईंनी चष्मा लावला आणि फॉर्म पुढे ओढला. मी मांडीवरच होते. त्या लिहीत होत्या! माझं बूच उडतंय की काय, असं मला झालं. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, पत्ता लिहिला. मग एका चौकटीपाशी पेन थांबलं. खूप वेळ थांबलं. नंतर त्यांनी काहीतरी लिहिलं, खोडलं, कागदाची घडी केली आणि ती माझ्या अभ्र्यात, माझ्या पाठीशी सरकवली, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. तो कागद पुढे कितीतरी महिने माझ्या अंगाला लागून होता.

जानेवारीच्या सुरुवातीला अलकनंदाबाईची तीन महिन्यांची मुदत संपली आणि ती नागपूरला परत गेली. मग अश्लेषाला ताप आला, एक रविवार चुकला, आणि पाठोपाठ दुसराही चुकला. देवदत्तने मेसेज केला, "सगळं ठीक ना?" फिलोमिनाबाईंनी सुन्न बोटांनी एकेक अक्षर शोधत उत्तर लिहिलं, "आय अ‍ॅम ग्रँड, लव्ह." पाहुणे नाहीत म्हणून दोन्ही रविवारी यंत्र सुरूच झालं नाही. बाहेर गवत गोठलेल्या दवाने दिवसभर पांढरं राहत होतं.

आता जे सांगायचंय ते मी कुणाला सांगितलेलं नाही. त्या सोमवारी दुपारी दोनला त्यांनी मला भरलं आणि पोटाशी धरून खुर्चीत बसल्या. पाचपर्यंत मी कोमट झाले. माझ्यातलं पाणी ओतून तोंड धुवायला त्या उठल्या नाहीत, डोळे मिटलेले होते. मी गार होत गेले. आणि मग, मित्रांनो, ऊब उलटी वाहू लागली. त्यांच्या अंगात जी काही थोडी होती ती माझ्यात यायला लागली. गार पिशवी दुसरं काय करणार? ज्याला टेकेल त्याचंच घेणार. मला दूर व्हायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच मी देवाकडे मागितलं, मला फोड, मला चीर, मला खाली पाड. पण त्यांचे दोन्ही हात माझ्यावर घट्ट होते. मी एक थेंब गळले नाही.

सकाळी पोस्टमनने काचेतून पाहिलं. त्यांना हॉस्पिटलात नेलं. चार दिवसांनी त्या गेल्या.

घर आवरायला त्यांची भाची शॅननहून आली. तिने देवदत्तला बोलावून मला पुढे केलं. "ही तुमच्या आईची ना?" तो दारात बूट काढून आत आला होता, सवयीने. रविवार नव्हता, मेसेज नव्हता, यंत्र महिनाभर बंद होतं. स्वयंपाकघराच्या फरशीवर तो नुसता उभा राहिला. खाली पायांकडे बघत राहिला. मग त्याने मला छातीशी धरलं आणि तिथल्या तिथे रडला. तो रडला तेव्हा मला त्याचा जुना राग आठवेना.

पुढच्या ऑक्टोबरात अलकनंदाबाई परत आली. मला उराशी धरून बसली, आणि मग माझा अभ्रा धुवायचा म्हणून काढला. कागद खाली पडला. तिने तो उघडला आणि टेबलावर हाताने सरळ केला. नाव, जन्मतारीख, पत्ता, सगळं सुबक अक्षरात. पुढे प्रश्न होता, घरात तुमच्याबरोबर कोण राहतं? चौकटीत 'किट' असं लिहून खोडलेलं होतं. त्यापुढे काही नाही.

"वरती एकवीस नोव्हेंबर तारीख टाकली आहे," ती म्हणाली. "रविवारी आपण गेलो होतो. हा सोमवारी भरला तिनं."

देवदत्त कागदावर वाकला.

"तीस वर्षं मी हेच पाहिलं बाबू. म्हाताऱ्या माणसाचं पेन पैशापाशी थांबत नाही. ह्या चौकटीपाशी थांबते. तिथं शेजारी कोणी बसायले पायजे होतं. मी बसली असती. काहून ऐकलं मी तुझं?"

"माझंच चुकलं, आई," तो म्हणाला. ती त्याला रागावली नाही, आणि तेच त्याला सहन झालं नाही.

वरातीमागून घोडं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण त्याच आठवड्यात मंगळवारी, भर दुपारी, अलकनंदाबाईने घरून काम करत बसलेल्या देवदत्तला ऑफिसच्या फोनवरून उठवलं, कापडी पिशवीत मला टाकलं आणि नऊ नंबरच्या घराची बेल वाजवली. तिथे कलन नावाचे आजोबा एकटे राहतात. फोन नाही, मेसेज नाही. दार उघडलं. आजोबांच्या अंगात ओव्हरकोट, डोक्यावर टोपी.

"मी आत्ता बाहेरच निघालो होतो," ते म्हणाले.

पिशवीच्या आत माझं रबर आखडलं. हे वाक्य आम्ही दोघींनी आधी ऐकलं होतं.

"गुड," अलकनंदाबाई म्हणाली, "वी सिट फाइव्ह मिनिट्स." आणि तिने आत येऊन चपला काढल्या, पायमोजेही काढले, आणि अनवाणी पायांनी फरशीवर उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. मग मुलाकडे वळून म्हणाली, "फरशी सांगून राहिली."

मला वाटलं, आता ही मला बाहेर काढणार, भरून आजोबांच्या हातात देणार. मी घाबरून गेले. पण तिने पिशवीत हात घातला आणि माझ्या शेजारचा कागद काढला. फॉर्म! पेन काढलं. आजोबा नको नको म्हणाले, इतर लोक जास्त गरजू आहेत म्हणाले. ती ऐकत राहिली, मान डोलावत राहिली आणि उठली नाही. देवदत्तही उठला नाही. शेवटी आजोबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि लिहायला घेतलं.

त्या चौकटीपाशी त्यांचं पेन थांबलं. अलकनंदाबाईने खुर्ची जवळ ओढली, त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि वाट पाहिली. आजोबांनी लिहिलं, 'कोणी नाही.' मग पुढची चौकट भरली, आणि त्याच्या पुढची.

मित्रांनो, मी काही शहाणी नाही, मी रबराची पिशवी आहे. पण माझ्याकडे एका बाईची शेवटची ऊब राहून गेली आहे. कितीही उकळतं पाणी भरा, ती तळाशी तशीच आहे, आणि परत द्यायला ती बाई नाही. म्हणून एवढं ऐका. तुमच्या शेजारी कुणी एकटं म्हातारं माणूस असेल तर माझ्यासारखी भेट देऊन काम झालं असं म्हणू नका. एखाद्या मंगळवारी न सांगता जा. दारात बूट काढा. थोडा वेळ फरशीवर उभे राहा.