तुटवड्याचा संकल्प

माघातल्या पहिल्या सोमवारी काशीने ओंजळीत पाणी घेऊन सोळा सोमवारांचा संकल्प सोडला. देवाजवळ काय मागायचं ते तिच्या नवऱ्याने, गोकुळनेच, तिला सांगून ठेवलं होतं.

"चिपांचा तुटवडा टिकू दे. बस्स, एवढंच म्हण."

गोकुळ जव्हारच्या शाळेत मास्तर. लेकीच्या, हर्षालीच्या शिक्षणासाठी साठवलेलं सगळं त्याने एका फंडात घातलं होतं. मोबाइल-कॉम्प्युटरमधल्या चिपा घडवणारी यंत्रं बनवतात ना, त्या परदेशी कंपन्यांच्या फंडात.

"चिपा पुरत नाहीत म्हणून कारखाने वाढतायत," तो वर्गात शिकवावं तसं सांगायचा. "कारखाने वाढले की यंत्रं लागणार. जाणकार म्हणतात, दोन वर्षं तरी तुटवडा हटत नाही. तो राहिला तरच आपली पोर डॉक्टर होते."

काशीला त्यातलं फारसं उमगलं नाही. पण संकल्पातला शब्द हलवायचा नसतो, एवढं तिला पक्कं ठाऊक. दर सोमवारी अळणी उपास धरायचा, संध्याकाळी चुरम्याचे तीन वाटे करायचे; एक महादेवाला, एक गाईला, एक आपल्याला. आणि तेच बोल पुन्हा म्हणायचे. फंड खरोखरच चढत होता.

तिची आई सकू सूर्यमाळजवळच्या पाड्यावर राहायची. तिथला सौरपंप फाल्गुनात बंद पडला. चैत्रात काशी माहेरी गेली, तेव्हा सत्तरीची म्हातारी दरीतल्या विहिरीवरून हंडा घेऊन चढत होती. पंपाचा मेकॅनिक जिवा टाकीच्या सावलीत बसला होता.

"अरे, किती दिवस हे?" काशी म्हणाली.

"पंप चालवणाऱ्या पेटीतली सर्किटची पाटी जळलीय, ताई. नवी येत नाय. तिच्यातली चिपच मिळत नाय म्हणतात कंपनीवाले."

"चिप?"

"खायची का रं ती?" सकूने हंडा उतरवला. "मग दे एखादी. सकाळपासून पोटात काय नाय." जिवा हसला. काशीला हसू आलं नाही.

घरी येताच तिने विचारलं, "अहो, संकल्प बदलता येतो का?"

"तेरा सोमवार झाल्यावर? महादेवाशी खेळ करतेस काय?"

"मग फंड मोडा. पाड्याला नवी पेटी घेऊन देऊ."

"महिनाभर कळ काढ, काशे. आत्ताच तर खरा चढायला लागलाय."

तिने कळ काढली. पुढे तिला सारखं टोचत राहिलं ते हेच, की गोकुळने काही जबरदस्ती केली नव्हती. तिनेही मनातल्या मनात मोजलं होतं, तीनच तर उरलेत. चौदाव्या सोमवारी ओठांनी तेच बोल म्हटले.

पंधराव्या सोमवारी सकाळी सकू विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरली. खुबा मोडला. झोळी करून माणसांनी तिला डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. त्या दिवशी फंड कधी नव्हे इतका वर होता. गोकुळने मोबाइल उघडून पाहिला आणि पालथा ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याने कुणाला न विचारता फंड मोडला. पैसे हाती येताच पंपाच्या पेटीसाठी नाशिक गाठलं, आणि दिवेलागणीला रिकाम्या हाताने परतला.

"दुकानदारापुढे पैसे ठेवले, काशे. म्हणाला, तीन महिने तरी नाही. कुणाकडेच नाही."

"चिप?"

त्याने नुसती मान डोलावली.

सोळाव्या सोमवारी सकू दवाखान्यातून लेकीकडे आली होती. बाहेरच्या खोलीत खाटेवर पडून होती. काशीने चुरमा केला, तीन वाटे मांडले, ओंजळीत पाणी घेतलं. शब्द हलवायचा नाही. व्रत अर्ध्यात टाकायचं नाही. आणि ते बोल तर आता तोंडातून निघत नव्हते.

"काशे," खाटेवरून हाक आली, "पंपाचं काय झालं गं? शेजारच्या लहान्याची बायको आता एकलीच विहिरीवर उतरत आसंल."

गोकुळ दाराशी उभा होता. "म्हण ना," तो हळूच म्हणाला, "काय ते म्हणून टाक."

"काय म्हणू?" काशीने मान वर केली. "पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलं होतंत. आजही तुम्हीच सांगा."

काशीच्या बोटांच्या फटींतून पाणी ताम्हनात ठिबकत राहिलं. ओंजळ रिती झाली, तरी तिने ती तशीच धरून ठेवली होती.

बाहेरून सकूने पुन्हा विचारलं.